एका परडीत कुणाकुणाच्या बांगड्या?



तालुक्यात कुठे एखाद्या बाईवर, मुलीवर अत्याचाराची घटना घडली की चार दिवसांत एक वाक्य कानावर येतंच. "डीएनएचा रिपोर्ट येऊ द्या, दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होईल."

दुधाची गोष्ट निघालीच आहे, तर डेअरीपासून सुरुवात करू. सकाळी आपण किटली घेऊन जातो, तेव्हा प्रत्येकीच्या दुधाची फॅट मोठ्या कॅनमध्ये ओतण्याआधी बघतात. कारण सगळ्यांचं दूध एकदा कॅनमध्ये गेलं की त्यात पाणी आहे एवढं कळेल, पण ते कुणाच्या किटलीतून आलं हे कळणार नाही. डीएनए तपासणीचंही तसंच आहे. एकाच माणसाचा स्वच्छ नमुना असेल तर उत्तर बरंच पक्कं मिळतं. पण दोघांचं, तिघांचं, चौघांचं रक्त, थुंकी, घाम, वीर्य एकत्र झालं असेल तर ते कॅनमधलं दूध झालं. त्याला म्हणतात मिश्र नमुना.

आणि बाईवरच्या अत्याचारात नमुना बहुतेक वेळा मिश्रच असतो. कारण तो तिच्याच शरीरावरून, तिच्याच कपड्यांवरून घेतलेला असतो. त्यात तिचं स्वतःचं काहीतरी असणारच. म्हणून मिश्र नमुना वाचायला माणूस कसा शिकला आणि शिकताना कुठे कुठे चुकला, हा इतिहास आपण बायकांनी माहीत करून घ्यायला हवा. आज तोच सांगणार आहे.

आधी डीएनए नव्हतं तेव्हाचं बघू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रक्तगटांचा शोध लागला. ए, बी, ओ. डागाचा गट समजायचा, पण एका गटाची माणसं हजारो, लाखो. त्यातून फार तर "हा माणूस नाही" एवढं सांगता यायचं, "हाच तो" असं सांगता येत नसे. आपल्याच महाराष्ट्रात १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. मुलीच्या कपड्यांवर आणि एका पोलिसाच्या पायजम्यावर वीर्याचे डाग सापडले होते. पण तो डाग कुणाचा, हे सांगणारी विद्याच नव्हती. मग डागाऐवजी त्या मुलीच्या चारित्र्याचीच तपासणी झाली. सर्वोच्च न्यायालयात दोन्ही पोलीस सुटले. त्यावर १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. हा इतिहास तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहे. डाग असूनही तो बोलत नव्हता, एवढं त्यातलं आज लक्षात ठेवायचं.

डागाला बोलतं केलं ते इंग्लंडमध्ये. लेस्टर नावाच्या शहरातल्या विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज हे शास्त्रज्ञ आईवडिलांकडून मुलांकडे काय येतं याचा अभ्यास करत होते. १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी त्यांनी एक्स-रेची फिल्म पाण्यातून काढली. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईचं आणि तिच्या आईवडिलांचं डीएनए त्या फिल्मवर होतं. त्यात पट्ट्यापट्ट्यांची नक्षी दिसली. प्रत्येकाची वेगळी, तरी मुलीची नक्षी थोडी आईसारखी आणि थोडी बापासारखी. माणूस ओळखायची खूण सापडली, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

पण गुन्ह्यातला डाग असा सुटा नसतो. म्हणून पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, जेफ्रीज, पीटर गिल आणि डेव्हिड वेरेट यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बाईच्या शरीरातून घेतलेल्या बोळ्यावर तिच्या पेशी आणि पुरुषाचे शुक्राणू एकत्र असतात. त्यांनी युक्ती काढली ती अशी. बाईच्या पेशीचं कवच मऊ असतं, साध्या रसायनाने ते विरघळतं. शुक्राणूचं डोकं मात्र टणक, ते फुटायला आणखी कडक रसायन लागतं. आधी सौम्य रसायन घालायचं, बाईच्या पेशी फुटल्या की तेवढं पाणी बाजूला काढायचं आणि मग उरलेल्या शुक्राणूंवर कडक रसायन घालायचं. चिंच कोळल्यावर गर पाण्यात उतरतो आणि चिंचोके हातात राहतात, तसं. जगभरच्या प्रयोगशाळा आजही हीच रीत वापरतात. मिश्र नमुन्याची पहिली गाठ सुटली, ती बाईवरच्या अत्याचाराच्या नमुन्यासाठी.

लेस्टरजवळच्याच खेड्यांत १९८३ आणि १९८६ मध्ये पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून झाला होता. पोलिसांनी सतरा वर्षांच्या एका पोराला पकडलं. त्याने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. जेफ्रीज यांनी तपासलं तेव्हा दिसलं, की दोन्ही मुलींवर अत्याचार करणारा एकच माणूस आहे आणि तो हा पोरगा नाही. गुन्ह्याच्या तपासात डीएनएने पहिलं मोठं काम केलं ते कुणाला फासावर चढवण्याचं नव्हे, एका निरपराधाला सोडवण्याचं. मग पोलिसांनी आसपासच्या हजारो पुरुषांचं रक्त घेतलं. खरा गुन्हेगार एवढा लबाड, की त्याने आपल्या नावाने बेकरीतल्या एका सोबत्याला रक्त द्यायला पाठवलं. तो सोबती पुढे दारूच्या गुत्त्यात हे बोलून गेला आणि तिथे बसलेल्या एका कामगार बाईने ते पोलिसांना कळवलं. १९८७ मध्ये गुन्हेगार सापडला आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. यंत्र होतंच, पण एका बाईचे कान आणि तिची हिंमतही होती.

आपल्या देशात हे तंत्र उभं केलं हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या डॉ. लालजी सिंग यांनी. १९८९ मध्ये केरळातल्या तेल्लीचेरीच्या न्यायालयात मुलाचा बाप कोण, असा वाद आला. बाई म्हणत होती, हाच. पुरुष नाकारत होता. आई, मूल आणि तो पुरुष अशा तिघांचं रक्त तपासलं गेलं आणि बाईचं म्हणणं खरं ठरलं. १९९१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही तो पुरावा मान्य केला. इथे तीन माणसांचे तीन वेगळे नमुने होते. तीन किटल्या, तिन्ही वेगळ्या. म्हणून उत्तर स्वच्छ आलं.

आता मिश्र नमुना वाचतात कसा, ते बघू. त्यासाठी आपण कासाराकडे जाऊ.

कासार हात दाबून माप सांगतो. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. समजा, प्रत्येक माणसाला जन्मतः दोन बांगड्या मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. कुणाला दोन-चार आणि दोन-आठ, कुणाला दोन्ही दोन-सहाच. डीएनएमध्ये अशा मापाच्या ठरावीक जागा असतात आणि प्रत्येक जागी मापांची एक जोडी असते. इंग्लंडने १९९५ मध्ये गुन्हेगारांची नोंदवही सुरू केली तेव्हा अशा सहा जागा बघत. अमेरिकेत आधी तेरा बघत, २०१७ पासून वीस बघतात. एका जागी माझी आणि तुमची जोडी सारखी निघू शकते. वीसच्या वीस जागी सारखी निघणं, जुळी भावंडं सोडली, तर जवळपास अशक्य.

हे झालं एका माणसाचं. आता एका परडीत दोन बायांनी आपापल्या बांगड्या टाकल्या. परडीत चार मापं दिसतात, दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा आणि दोन-आठ. कुणाची जोडी कोणती? दोन-दोनची जोडीदार दोन-चार असेल, दोन-सहा असेल किंवा दोन-आठ असेल. म्हणजे तीन तऱ्हेने जोड्या लागतात. आणि परडीत तीनच मापं दिसली तर? दोघींचं एक माप सारखं आहे, की एकीच्या दोन्ही बांगड्या एकाच मापाच्या आहेत? त्यात तिसरी बाई आली, चौथी आली, तर किती जणी आल्या हेच सांगता येत नाही, कारण मापं तीच तीच असतात.

आणखी दोन घोळ आहेत. एखाद्या माणसाचं डीएनए अगदी थोडं असेल तर त्याची एखादी बांगडी यंत्राला दिसतच नाही. आणि कुठली तरी भलतीच बांगडी परडीत येऊन पडते. म्हणजे "या जागी त्याचं माप नाही, तरी तो असू शकतो" असं म्हणायची सोय झाली. एकदा ही सोय झाली की मनात असेल त्याला परडीत बसवता येतं. नेमकं इथेच माणूस चुकायला लागला.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात १९९८ मध्ये एका बाईला तिच्याच गाडीतून पळवून दोघांनी अत्याचार केला. काही दिवसांनी रस्त्यात दोन पोरं दिसली आणि हीच ती, असं तिला वाटलं. त्यातला एक सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. पोलिसांच्या प्रयोगशाळेने अहवाल दिला, की मिश्र नमुन्यात या मुलाचं डीएनए आहे आणि असं जुळणं जवळपास सात लाखांत एकदा घडतं. १९९९ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने स्वतः अर्ज लिहिले, पुन्हा तपासा. कुणी ऐकलं नाही. २००२ मध्ये एका स्थानिक टीव्ही वाहिनीने त्या प्रयोगशाळेचे अहवाल बाहेरच्या तज्ज्ञांना दाखवले. तेव्हा कळलं, की त्या मिश्रणात बसू शकेल असा पुरुष सात लाखांत एक नव्हे, तर साधारण दर पंधरा-सोळा कृष्णवर्णीय पुरुषांत एक सापडेल. परडीत मापं एवढी होती, की कुणीही बसावं! नव्याने तपासणी झाली, मुलगा त्यात नव्हताच. साडेचार वर्षांनी, २००३ मध्ये, तो बाहेर आला. त्या प्रयोगशाळेचा डीएनए विभाग बंद करावा लागला. काही वर्षांनी खरा गुन्हेगार डीएनएनेच सापडला.

यात दोघांवर अन्याय झाला हे विसरू नका. त्या मुलावर तर झालाच. पण त्या बाईवरही झाला. तिला सांगितलं होतं, गुन्हेगार आत आहे, निर्धास्त राहा. आणि तो इतकी वर्षं मोकळा फिरत होता.

दरम्यान यंत्रं फार बारीक झाली होती. पूर्वी रुपयाएवढा डाग लागायचा, आता चारदोन पेशीही पुरतात. पण चाळणी बारीक झाली की कचराही जास्त सापडतो. जर्मनीतली गोष्ट ऐका. १९९३ पासून तिथे चाळीसच्या आसपास गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच बाईचं डीएनए सापडत होतं. कुठे खून, कुठे चोरी, ऑस्ट्रियातही तीच आणि फ्रान्समध्येही तीच. २००७ मध्ये हाईलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथेही तीच. तिला पकडण्यासाठी तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. २००९ मध्ये उलगडा झाला. ती बाई गुन्हेगार नव्हती. ज्या कापसाच्या काड्यांनी पोलीस नमुने घेत होते, त्या काड्या कारखान्यात पॅक करणारी ती एक साधी कामगार होती. काड्या निर्जंतुक केल्या होत्या. पण निर्जंतुक म्हणजे जंतू मेलेले, माणसाचं डीएनए पुसलेलं नव्हे. बिचारीने आपल्या पोटासाठी काम केलं आणि तीन देशांचे पोलीस तिच्या मागे लागले.

आता यंत्राचा घोळ सोडा, माणसाच्या मनाचा बघा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सामूहिक बलात्काराचा एक खटला झाला. एका आरोपीने शिक्षा कमी व्हावी म्हणून दुसऱ्यांची नावं घेतली. प्रयोगशाळेने मिश्र नमुना बघून सांगितलं, हा माणूस त्यात असू शकतो. पुढे दोन शास्त्रज्ञांनी तोच नमुना सतरा तज्ज्ञांपुढे ठेवला, पण खटल्याची काहीच माहिती दिली नाही. त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सतरापैकी बारा जण म्हणाले, हा माणूस त्यात नाही. चौघे म्हणाले, सांगता येत नाही. एकच जण म्हणाला, असू शकतो. नमुना तोच, आकडे तेच. फरक एवढाच, की पहिल्यांना आधीच माहीत होतं, पोलिसांना कोण हवा आहे. उत्तर आधी कळलं की गणित त्याच उत्तराकडे वळतं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने १०८ प्रयोगशाळांना सारखेच पाच तयार नमुने सोडवायला दिले. शेवटच्या नमुन्यात चार माणसांचं डीएनए मिसळलेलं होतं आणि एक संशयित दिला होता, जो त्यात मुळीच नव्हता. कोडं मुद्दाम अवघड केलेलं होतं. तरी १०८ पैकी ७४ प्रयोगशाळा म्हणाल्या, तो त्यात आहे. फक्त ७ प्रयोगशाळांनी त्याला बाहेर ठेवलं. बाकीच्या बहुतेक म्हणाल्या, सांगता येत नाही. आणि "सांगता येत नाही" हे उत्तर लाजेचं नाही, मैत्रिणींनो. कित्येकदा तेच सगळ्यात प्रामाणिक असतं.

या चुकांतून शास्त्रज्ञ शिकले. पहिला नियम असा, की आधी परडी वाचायची, जोड्या लिहून ठेवायच्या आणि मगच संशयिताचं माप बघायचं. दुसरं म्हणजे जोड्या लावायला संगणकाची मदत घ्यायची. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी बनवलेली अशी एक प्रणाली तिथे २०१२ पासून वापरात आहे. ती "हाच तो" असं म्हणत नाही. ती तुलना सांगते. हा माणूस मिश्रणात असेल तर असा निकाल दिसण्याची शक्यता, तो नसेल तर दिसण्याच्या शक्यतेच्या किती पट आहे, एवढंच. पण संगणकालाही मर्यादा आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने सांगितलं, की नुसत्या नजरेने अवघड मिश्रण वाचण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही. संगणकाची पद्धतही तीन माणसांपर्यंतच्या मिश्रणात आणि थोडा वाटा असलेल्याचा हिस्सा निदान वीस टक्के असेल तिथपर्यंतच तपासून पक्की झालेली आहे. त्यापुढे अजून पुरावे हवेत.

पुरुषांच्या वाय गुणसूत्राची वेगळी तपासणीही असते. बाईचं डीएनए खूप आणि पुरुषाचं थोडं असेल, किंवा पुरुषाची नसबंदी झालेली असल्याने शुक्राणूच नसतील, तेव्हा ती फार उपयोगी पडते, कारण बाईच्या शरीरात वाय नसतोच. पण तो बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो. म्हणजे बाप, मुलगा, चुलता, चुलत भाऊ सगळ्यांचा सारखा. आपल्या गावात अर्धी आळी एकाच भावकीची असते. तिथे या तपासणीवरून भावकी सांगता येईल, नेमका माणूस नाही.

आता आपल्या न्यायालयांकडे येऊ. २०१२ मध्ये दिल्लीतल्या छावला भागातून एका तरुण मुलीला पळवून तिच्यावर अत्याचार करून खून झाला. तिघांना फाशीची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं. न्यायालयाने म्हटलं, की डीएनएच्या अहवालाचा आधार काय आणि तंत्र नीट वापरलं का, हे खालच्या न्यायालयांनी तपासलंच नाही. शिवाय नमुने जवळपास दोन आठवडे पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, त्यात काही फेरफार झाला नाही याची खात्री नव्हती. मुलीच्या आईवडिलांना काय वाटलं असेल, ते सांगायला शब्द नाहीत. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका खून खटल्यात पुन्हा हेच झालं. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोचवायचा. तो कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची नोंदवही ठेवायची. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. आपल्या डेअरीच्या भाषेत सांगायचं, तर किटलीचं झाकण वाटेत कुणी उघडलं नाही याचा हिशोब द्यायचा.

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. गटातल्या बाईवर, मुलीवर वेळ आली, तर तिच्या सोबत सगळ्यात आधी आपणच पोचतो.

पहिली गोष्ट, तिला लवकर दवाखान्यात न्या. प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, अत्याचार झालेल्या बाईवर मोफत उपचार करायचे असतात. पोलीस केस झाली नसली तरी तपासणी नाकारता येत नाही. तपासणी तिच्या संमतीनेच होते. आणि ती बोटांची अपमानास्पद चाचणी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आहे. कुणी करू लागलं तर ठाम नाही म्हणा.

दुसरी, शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ नको, कपडे धुवायला नकोत. पण तिने अंघोळ केली असेल तर तिला दोष देऊ नका आणि आता काही उपयोग नाही म्हणून घरीही बसू नका. कपड्यांवर, नखांत पुरावा राहू शकतो.

तिसरी, त्या कपड्यांना चार जणींनी हात लावायचा नाही. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतं. आपल्या मायेच्या हातांनीही परडीत एक बांगडी वाढते, हे लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट नाजूक आहे. लग्न झालेल्या बाईला डॉक्टर विचारतात, गेल्या काही दिवसांत नवऱ्याशी संबंध आला होता का? कधी नवऱ्याचा नमुनाही मागतात. बाईला वाटतं, माझ्या चारित्र्यावर शंका घेतायत. तसं नसतं. परडीतल्या ज्या बांगड्या तिच्या आणि नवऱ्याच्या आहेत त्या बाजूला काढल्या, की उरलेल्या तिसऱ्याच्या. हे खरं सांगितलं नाही तर नवऱ्याची मापं त्या तिसऱ्याच्या मापांत मिसळतात आणि गुन्हेगाराचा वकील त्याचाच फायदा घेतो. हे तिला सोबतिणीने शांतपणे समजावून सांगायला हवं. डॉक्टरांनी सांगायला हवंच, पण गर्दीत राहून जातं.

आणि शेवटची, अहवाल आल्यावर "जुळला की नाही" एवढ्यावर थांबू नका. सरकारी वकिलांना विचारा. नमुना एकाचा होता की मिश्र? किती जणांचा? जुळण्याचा आकडा काय दिलाय? नमुना किती दिवसांनी प्रयोगशाळेत पोचला? हे प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. डेअरीत फॅट कमी लावली तर आपण विचारतोच ना, परत लावून दाखवा म्हणून?

अहवालात काही सापडलं नाही, याचा अर्थ काही घडलंच नाही असा होत नाही. बाईची साक्ष हा स्वतःच पुरावा आहे, ती विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. आणि अहवालात एखाद्याचं नाव जुळलं म्हणजे तोच, असंही डोळे मिटून मानायचं नाही. देसाईगंजच्या वेळी डाग बोलत नव्हता. आज तो बोलतो, पण मिश्र नमुन्यात एकाच वेळी तीन-चार जण बोलत असतात. त्यातलं कोण काय म्हणतंय ते ऐकायला धीर लागतो, प्रामाणिकपणा लागतो आणि नमुना स्वच्छ लागतो. यातली पहिली दोन कामं प्रयोगशाळेची आणि न्यायालयाची. तिसऱ्याची सुरुवात मात्र आपल्या घरातून, एका कागदी पिशवीपासून होते.

येत्या बैठकीत हे जरूर बोला. वेळ कुणावर न येवो. पण आलीच, तर आपल्या गटातल्या निदान एकीला तरी हे माहीत असू दे.